जावईबापूंची कागदमुक्ती

मोठ्या साहेबांनी सोमवारी सकाळी अकरा वाजता कचेरीच्या किल्ल्या जावईबापूंच्या हातात दिल्या, "आता सगळं तुम्हीच बघायचं, मी अजिबात ढवळाढवळ करणार नाही," असं सगळ्यांदेखत जाहीर केलं, आणि अकरा वाजून वीस मिनिटांनी, घरी पोचल्या पोचल्या, पहिला फोन केला. खिडकी नीट लागली का, माझी खुर्ची कुणी हलवली का आणि मामा काही म्हणाले का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

जावईबापू हे काही त्यांचं नाव नव्हे. हिशेबतपासणीची परीक्षा ते लग्नाच्या चार वर्षं आधी पास झाले होते, तीही पहिल्या फटक्यात. पण फर्म सासऱ्यांची असली की माणसाने जगातल्या सगळ्या परीक्षा दिल्या तरी तो जावईच राहतो. बावीस वर्षं कचेरीतली माणसं तोंडावर त्यांना 'सर' म्हणत आली आणि पाठ वळली की 'जावईबापू'. कधी कधी पाठ पुरती वळायची वाटही कुणी बघत नसे.

माणसं तरी किती? मोजून चार. हेडक्लार्क मामा, जे कुणाचेच मामा नव्हते आणि अडतीस वर्षं त्याच टेबलाशी बसत होते. रेकॉर्डच्या खोलीवर राज्य करणाऱ्या फाइलबाई. आणि खिडकीच्या दोन बाजूंना बसणारे दोघे मदतनीस, ज्यांना बसण्याच्या जागेवरून डावे आणि उजवे म्हणत. यातल्या कुणाचंही कुणाशी वाकडं नव्हतं. कचेरी शांत होती, चहा वेळेवर येत होता, आणि जावईबापूंना वाटलं होतं की नेतृत्व म्हणजे याच खुर्चीतून उठून त्या खुर्चीत बसणं, बाकी काही नाही.

बुधवारी पंपांच्या कारखान्याचे धाकटे मालक आले. कारखाना हा फर्मचा सगळ्यात मोठा अशील. निम्मी फर्म त्याच्यावर उभी होती म्हटलं तरी चालेल. धाकटे मालक तिशीचे, बोलायला गोड, आणि गोड बोलतच त्यांनी बॉम्ब टाकला.

"सर, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण गेल्या महिन्यात मी एक कागद मागितला, तर तुमच्या बाई शिडी घेऊन आल्या."

"वरच्या खणात असेल," जावईबापू म्हणाले.

"असेल ना. पण मला आता सात वर्षांचं सगळं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर हवंय. कुठलाही कागद मागितला की दोन मिनिटांत समोर. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला मी स्वतः येऊन बघतो. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर... बाबांना वाईट वाटेल, पण मला त्या काचेच्या इमारतीतल्या मोठ्या फर्मची मंडळी रोज फोन करतायत."

ते गेल्यावर जावईबापूंनी कागदावर काही आकडे मांडले आणि कागद फाडून टाकला. कारखाना गेला तर पाच खुर्च्यांपैकी दोन ठेवता येणार नव्हत्या, आणि त्या दोन कुणाच्या हे कळायला परीक्षा पास व्हायची गरज नव्हती. मामांना निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, फाइलबाईंना पाच. ज्या बाईंनी या कचेरीतल्या आपल्या पहिल्या दिवशी आपल्याला पाण्याचा ग्लास आणून दिला, त्यांना आपण घरी कसं बसवायचं? जावईबापूंनी ठरवलं की ही गोष्ट कचेरीत कुणालाही सांगायची नाही. माणसं घाबरतील. पुढाऱ्याने भीती स्वतःकडे ठेवावी आणि बाकीच्यांना नुसता उत्साह वाटावा.

हे शेवटचं वाक्य त्यांचं नव्हतं. ते गेल्याच महिन्यात झालेल्या 'बदलत्या काळातलं नेतृत्व' नावाच्या एकदिवसीय शिबिरातलं होतं. हे शिबिर खास हिशेबतपासनिसांसाठी भरवलं होतं आणि ते घेणाऱ्या गृहस्थांनी आयुष्यात एकही हिशेब तपासलेला नसावा. त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि डोळे मिटून मागे पडा, मागचा सहकारी तुम्हाला झेलेल, असं सांगितलं. चाळीसजणांतले एकोणचाळीस पडले नाहीत. झेलणारा कोण, त्याने याआधी कुणाला झेललंय का, झेललं असल्यास त्याची नोंद कुठे आहे, असे प्रश्न निघाले. जावईबापू रांगेत पहिले होते म्हणून बिचारे पडले. मागचे गृहस्थ तेवढ्यात हजेरीपटावर सही करत होते. जावईबापू प्रमाणपत्र आणि कमरेला पट्टा घेऊन घरी आले.

"अहो, बदल घडवायचाच असेल तर आधी पलंगावरचा ओला टॉवेल उचला," बुधवारी रात्री कारखान्याचं सगळं ऐकून बायको म्हणाली. "आणि एक सांगू? ऑफिसातल्यांना खरं काय ते सांगून टाका."

"तुला नेतृत्वातलं काही कळत नाही."

"बरं," बायको म्हणाली आणि तिने टॉवेल उचलला.

शेजारच्या घरात बँकेचे एक निवृत्त व्यवस्थापक राहत. त्यांनी आपल्या शाखेत म्हणे एका महिन्यात कॉम्प्युटर आणले होते. त्यांचा सल्ला त्यांना कुणी विचारत नसे. तो कुंपणावरून आपोआप येई.

"गोड बोलून काही होत नाही," ते झाडांना पाणी घालता घालता म्हणाले. "माणसाच्या हातातली जुनी वस्तू काढून घ्यायची. मी पहिल्याच दिवशी सगळ्यांची शाईची पेनं जप्त केली होती."

"मग?"

"मग काय! दुसऱ्या दिवसापासून सगळे कॉम्प्युटरवर." त्या एका महिन्यात शाखा तीनदा बंद पडली होती, हे मात्र ते बोलले नाहीत.

तर जावईबापूंनी पेन्सिली गोळा केल्या. आता या पेन्सिलींचं महत्त्व हिशेबतपासणीबाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. या कचेरीत कुठलाही आकडा कुणीतरी तपासून त्याच्यापुढे बरोबरची खूण केल्याखेरीज खरा मानला जात नसे. ज्याची त्याची पेन्सिल वेगळी. मामांची हिरवी, फाइलबाईंची तपकिरी, डाव्यांची निळी, उजव्यांची जांभळी. पानावरच्या खुणा बघून कोणतं पान कुणाच्या हातून गेलं ते दहा वर्षांनीही सांगता येई. मामांच्या खुणेला तर शेवटी एक छोटीशी शेपटी असे, आणि ती शेपटी जरा लांब गेली की मामांना शंका आहे असं समजायचं.

मामांनी टेबलाच्या खणातून अकरा हिरव्या पेन्सिली काढल्या, टोकं एका दिशेला करून खोक्यात ठेवल्या आणि विचारलं, "पोच?"

जावईबापूंनी अकरा पेन्सिलींची पोच लिहून दिली. दुसऱ्या दिवशी मामांच्या कानावर बारावी होती.

स्कॅन करायचं मशीन आलं. तेच कागदाचा फोटो काढी, तेच छापूनही देई. मशीनवाल्याने बटणं दाखवली, बिल दिलं आणि तो पुन्हा कधी दिसला नाही. दारावर जावईबापूंनी हौसेने पाटी लावली, 'कागदमुक्त कार्यालय'. आत एक परिपत्रक लावलं: 'या कार्यालयातील प्रत्येक कागद स्कॅन करण्यात येईल.' खाली सही, शिक्का, तारीख. हे परिपत्रक लिहिताना 'प्रत्येक' या शब्दापाशी ते एक क्षणही थांबले नाहीत, आणि पुढचं सगळं महाभारत तिथूनच सुरू झालं.

पहिल्याच पानाला घोडं अडलं. कारखान्याचं एक जुनं पत्र मशीनमधून सुखरूप बाहेर आलं, पडद्यावर दिसलंही. मामा पडद्याकडे बघत राहिले.

"हे मूळ पानासारखंच आलंय, हे कशावरून?"

"मामा, ते फोटो काढतं. फोटोत काय चुकणार?"

"कोपरा दुमडला तर? दोन पानं चिकटून गेली तर? कुणी तपासलं?"

आता खरं सांगायचं तर इथे कुठलाही दुसरा माणूस 'चालतं हो' म्हणून मोकळा झाला असता. पण जावईबापू हाडाचे हिशेबतपासनीस होते. न तपासलेलं पान बघितलं की त्यांचाही हात आपोआप पेन्सिल शोधू लागे. "बरं, तपासा," ते म्हणाले, "पण नमुन्यादाखल. दहातलं एक."

"दहातलं कुठलं ते कोण ठरवणार?"

 सगळीच पानं तपासायची आणि त्यासाठी पेन्सिली परत द्यायच्या, असं दुपारपर्यंत ठरलं होतं.

तपासायचं म्हणजे मूळ पान एका हाताला, स्कॅन दुसऱ्या हाताला. पडद्यावर पेन्सिलीने खूण करता येत नाही; डाव्यांनी करून बघितली होती आणि ती पुसायला फाइलबाईंना ओलं फडकं आणावं लागलं होतं. म्हणून प्रत्येक स्कॅन छापायला लागला. छापलेल्या पानावर हिरवी, निळी, जांभळी खूण व्हायला लागली. आणि खुणा झालेली पानं म्हणजे तपासणीचा पुरावा, तो काय टाकून देणार? फाइलबाईंनी त्यांच्या नव्या फाइली केल्या.

आठवड्याने फाइलबाई परिपत्रकाची झेरॉक्स घेऊन केबिनमध्ये आल्या.

"सर, 'प्रत्येक कागद' असं लिहिलंय. मग या नव्या फाइलींतले कागद?"

"त्यांचं काय?"

"तेही स्कॅन करायचे ना?"

जावईबापूंनी परिपत्रक वाचलं. स्वतःचीच सही होती. "करा," ते म्हणाले. मग ते स्कॅन बरोबर आले की नाही ते बघायला छापले गेले, त्यांच्यावर खुणा झाल्या, आणि त्यांच्याही फाइली झाल्या. कागदाचं दुकान चालवणारे गृहस्थ पूर्वी महिन्यातून एकदा रिमं पाठवत, ते आता एक दिवसाआड स्वतः येऊ लागले. जावईबापूंना मनापासून 'साहेब' म्हणणारा तो जगातला पहिला माणूस. जाताना एक कॅलेंडरही देऊन गेला.

रेकॉर्डची खोली भरली. मग बोळ भरला. मग खोकी जिन्यात आली. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे आलेल्या एक आजीबाई ही खोकी म्हणजेच दवाखान्याची बसायची जागा समजून पाऊण तास तिथे बसून राहिल्या, आणि शेवटी मामांनीच त्यांना दाढेचं विचारलं. डॉक्टरांनी तक्रार केली. दोन दिवसांनी अग्निशमन खात्याचे तपासनीस आले आणि दारातच थांबले.

"ही पाटी कसली?"

"कागदमुक्त कार्यालय," जावईबापू म्हणाले.

"आणि हे काय?"

"कागद."

तपासनिसांनी दोन्ही उत्तरं लिहून घेतली. "गोदामाचा परवाना आहे?"

"अहो, हे गोदाम नाही. हिशेबतपासनिसांचं ऑफिस आहे."

"ते मी मालावरून ठरवतो." त्यांनी बोटाने रांगा मोजल्या. "सात दिवसांत जिना मोकळा करा, नाहीतर परवान्यासाठी अर्ज करा. अर्ज तीन प्रतींत. सोबत जिन्यातल्या सगळ्या कागदांची यादी."

यादी म्हटल्याबरोबर मामांचा चेहरा उजळला, हे जावईबापूंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तपासनीस गेल्यावर त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि कपाळाला हात लावला. तेवढ्यात मोठ्या साहेबांचा त्या दिवसातला चौथा फोन आला. "काय, कागद कमी झाला का?" त्यांनी विचारलं. जावईबापूंनी होय आणि नाही यांच्या मधलं काहीतरी उत्तर दिलं.

पहिल्या तारखेला नऊ दिवस उरले होते. त्यांनी बाहेर येऊन उजव्यांना विचारलं, या वेगाने काम कधी संपेल. उजव्यांनी दोनदा गणित केलं, डाव्यांकडून तपासून घेतलं आणि म्हणाले, "मूळ कागद धरले तर चार वर्षं दोन महिने. नवीन तयार होणारे धरले तर संपतच नाही सर. वाढत जातंय."

तेव्हा मात्र जावईबापूंचा धीर सुटला. शिबिर, शेजारी, उत्साह, सगळं त्यांच्या डोक्यातून एकदम गळून पडलं. ते मामांच्या टेबलासमोरच्या अशिलांच्या खुर्चीत मटकन बसले.

"मामा, मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली," ते म्हणाले. "हे सगळं पहिल्या तारखेला पुरं झालं नाही तर कारखाना जाणार. आणि कारखाना गेला तर इथल्या दोन खुर्च्या..."

"एक माझी आणि एक बाईंची," मामा म्हणाले. "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"सर, तुमच्या केबिनचं पार्टिशन वर दोन फूट उघडं आहे. धाकटे मालक बोलत होते तेव्हा आम्ही सगळे इथेच तर होतो."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? आणि मग तरीही एकेक पान तपासत का बसलात? मला वाटलं, तुम्हाला हा बदल नकोच आहे!"

मामा जरासे दुखावले. "म्हणूनच तर तपासत होतो. त्यांनी नेमका एक कागद मागावा आणि तोच चुकीचा निघावा, मग? बाईंची खुर्ची माझ्या चुकीने गेली असती." फाइलबाई भिंतीकडे तोंड करून फाइल लावत होत्या, त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आणि तुम्ही काही बोलत नव्हता, तर आम्ही तरी कसं विषय काढणार? तुम्हाला वाईट वाटलं असतं."

तीन आठवडे पाचही माणसं एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून कागद वाढवत होती. जावईबापूंना हसू आलं आणि भरूनही आलं. या माणसांचं आपण पुढारीपण करायला निघालो होतो, आणि यांना साधं खरं सांगायची हिंमत आपल्याला झाली नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

मग त्यांनी एक कोरा कागद ओढला. हिशेबतपासनीस नसलेल्या वाचकाला यात विशेष काही वाटणार नाही, पण पुढची ओळ लिहिण्याआधी त्यांनी पेनाचं टोपण दोनदा काढलं आणि दोनदा लावलं. त्यांनी लिहिलं: 'आजपासून स्कॅन झालेलं पान तपासायचं नाही, छापायचं नाही. न तपासलेल्या पानांत जी चूक निघेल, ती माझी.' आणि खाली सही केली. न तपासलेल्या गोष्टीखाली सही! बावीस वर्षांत हे पाप त्यांनी कधी केलं नव्हतं.

मामांनी तो कागद दोनदा वाचला. "तारीख घाला."

जावईबापूंनी तारीख घातली.

"मोठ्या साहेबांना विचारलंत?"

"नाही."

 आणि नेमका त्याच क्षणी फोन वाजला. वेळेवरून कुणाचा ते सगळ्यांना कळलं. जावईबापूंनी तो उचलला आणि म्हणाले, "बाबा, मी जरा कामात आहे. संध्याकाळी मीच करतो." आणि ठेवून दिला. डावे उजव्यांकडे बघत राहिले. मामांनी कानावरची पेन्सिल काढून खणात ठेवली, खण लावला आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. "बाई, पहिलं कपाट कुठलं घ्यायचं?"

आता फक्त कारखान्याचे मूळ कागद मशीनमध्ये जात होते, आणि त्यानंतरचं काम बघण्यासारखं झालं. तीन आठवडे तेच तेच कागद मशीनमध्ये घालून फाइलबाई त्या मशीनच्या जाणकार झाल्या होत्या. कुठलं बटण दाबल्यावर कुरकुर करतं आणि कुठलं दाबल्यावर गप्प बसतं ते त्यांना पाठ होतं. प्रत्येक कागदाला कॉम्प्युटरवर काय नाव द्यायचं तेही त्यांनीच ठरवलं. खुणा केलेल्या पानांचा सगळा ढीग रद्दीत गेला, जिना मोकळा झाला, आणि अग्निशमनवाल्यांनी यादीची वाट बघून बघून नाद सोडला. फोन ठेवून दिला त्याच संध्याकाळी बायको म्हणाली, "बाबांचा फोन आला होता. 'माझा फोन ठेवला त्याने' म्हणत होते." जावईबापूंनी मान खाली घातली. "अहो, हसत होते ते," बायको म्हणाली. "दोनदा सांगितलं मला."

पहिल्या तारखेला धाकटे मालक आले आणि थेट फाइलबाईंच्या शेजारी उभे राहिले. घड्याळ काढून हातात धरलं.

"आम्ही पाच वर्षांपूर्वी जनरेटर घेतला होता. त्याचं हमीपत्र."

फाइलबाईंनी दोन शब्द टाइप केले. एक मिनिट आणि दहा सेकंदांत हमीपत्र पडद्यावर आलं. ते उलटं होतं. पार डोकं खाली, पाय वर. स्कॅन करताना कुणीतरी उलटं घातलं होतं आणि ते कुणीही तपासलेलं नव्हतं.

जावईबापूंना फरशी दुभंगावी असं वाटलं. "ही चूक माझी आहे," त्यांच्या तोंडून निघालं, आणि नंतर त्यांना कळलं की कागदावर लिहिलं होतं तेच आपण बोललो. फाइलबाई सुलटं करायचं बटण शोधू लागल्या, घाईत ते सापडेना. मामा उठले. त्यांनी काही न बोलता कॉम्प्युटरचा पडदा दोन्ही हातांनी उचलला, उलटा केला आणि छातीशी धरून धाकट्या मालकांसमोर उभे राहिले. वायर ताणली गेली, डाव्यांनी ती सैल केली. उजव्यांनी खालून आधार दिला.

धाकट्या मालकांनी हमीपत्र वरपासून खालपर्यंत वाचलं. मग मामांच्या तोंडाकडे बघितलं, आणि ते इतके हसले की त्यांना बसायला खुर्ची द्यावी लागली. "दोन मिनिटांच्या आत आहे," ते घड्याळ खिशात ठेवत म्हणाले. "काम तुमच्याकडेच राहू दे सर, काचेच्या इमारतीत असा पडदा कुणी धरला नसता." दारापर्यंत जाऊन ते परत फिरले. "तेवढी त्याची एक प्रिंट द्या ना. बाबांना कागद हातात घेतल्याशिवाय वाचल्यासारखं वाटत नाही."

कुणीही हसलं नाही. हिशेबतपासणीच्या धंद्यात अशिलासमोर हसत नाहीत. प्रिंट दिली गेली, जिन्यातून पावलं उतरून गेली, खालचं दार लागलं, आणि मग मात्र फाइलबाईंना बोलताही येईना इतकं हसू फुटलं.

हसणं ओसरल्यावर मामांनी पडदा जागेवर ठेवला, घाम पुसला आणि गंभीरपणे विचारलं, "अशी उलटी पानं अजून किती असतील?"

"माहीत नाही," जावईबापू म्हणाले.

हे दोन शब्द त्यांनी त्या कचेरीत बावीस वर्षांत उच्चारले नव्हते, आणि आज ते इतके सहज निघाले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मामांनी आजूबाजूला बघितलं. जिन्यात खोकी नव्हती, खिडकीतून चांगला वारा येत होता, पाचही खुर्च्या जागच्या जागी होत्या.

"निघतील तेव्हा सुलटी करू," मामा म्हणाले, आणि सहाच्या ठोक्याला सगळे घरी गेले. काहीही तपासायला कुणीही मागे थांबलं नाही.